बेहड्याच्या तोंडची वाक्यं

हर्षदने टेपचं टोक बेहड्याच्या खोडाला टेकवलं आणि टेप सोडत तो झाडाला वळसा घालायला निघाला. अर्ध्यावर पोचतो न पोचतो तोच मागचं टोक निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. देवराईत त्या रविवारी शाळेची पोरं बाईंबरोबर आली होती. मुंबईचा माणूस झाडाशी लपंडाव खेळतोय असं वाटून ती हसू दाबत उभी राहिली.

"ए पोरी, ये इकडे. हे टोक धर जरा," हर्षद म्हणाला.

ज्ञानेश्वरी पुढे झाली. सातवीतली, अंगाने बारीक, डोक्यावर हिरवी टोपी. सगळं गाव तिला ज्ञानू म्हणे. तिने टोक हातात घेतलं, पण त्याने दाखवलं तिथे धरलं नाही. आपल्या कपाळापर्यंत वर नेलं.

"हितं धरायचं, काका. खाली मुळांचा फुगारा येतो. माप चुकतं."

हर्षद खूश झाला. बाईंकडे वळून म्हणाला, पोरं चांगली तयार केलीत हो. दीपालीबाईंनाही बरं वाटलं. झाडाचा घेर कुठे आणि कसा मोजायचा हे शिकवताना त्यांचा घसा बसला होता, आणि आज परक्या माणसासमोर त्याचं चीज झालं होतं. माप कशासाठी घेताय, असं त्यांनी हसतच विचारलं.

"लाकूड किती निघेल ते बघायला," हर्षद म्हणाला. "देऊळ वाढवतोय ना आपण."

ज्ञानूने टेपचं टोक सोडलं नाही. तिला कळलंच नव्हतं, की कळलं होतं म्हणून ती तशी उभी राहिली, हे बाईंना सांगता आलं नसतं. त्यांनीच पुढे होऊन ते तिच्या हातातून काढून घेतलं.

दीपाली कीर मूळच्या मालगुंडच्या, समुद्रकाठच्या. लग्नानंतर देवरूखला आल्या आणि तिथून स्कूटीवरून रोज नेरवण्याच्या जिल्हा परिषद शाळेत यायच्या. नेरवणं म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या चार वाड्या. कर्ती माणसं बहुतेक मुंबईत, गावात बायका, म्हातारे आणि शाळेचा पट टिकवण्यापुरती पोरं. रत्नागिरीच्या एका निसर्गसंस्थेने गेल्या पावसाळ्यात 'देवराई शाळा' नावाचा उपक्रम काढला, तेव्हा बाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. दर रविवारी पोरांनी गावच्या देवराईत जायचं, झाडं ओळखायची, पाखरं बघायची आणि मोठेपणी नव्हे, आत्ताच तिचं रक्षण करायला शिकायचं. संस्थेने टोप्या, भिंगं आणि एक भलामोठा फलक पाठवला. फलकावर संस्थेचं नाव देवराईच्या नावापेक्षा मोठं होतं. फुकट ते पौष्टिक, म्हणून बाईंनी तो शाळेच्या कुंपणाला बांधून टाकला.

अडचण वेगळीच निघाली. पोरं देवराईत पाऊल टाकायला तयार नव्हती. वाघजाईच्या देवळामागचं ते रान राखणदाराचं. तो दिसत नाही, पण असतो. आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, नेली तर तो नेणाऱ्याच्या घरात दुखणं धाडतो, असं पोरांनी दूध पिताना ऐकलेलं. पहिल्या रविवारी सगळी फौज दगडी गडग्याशी थांबली. बाई एकट्याच आत गेल्या, बेहड्याच्या मुळावर बसून त्यांनी शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि परत आल्या.

"बघा. मला काय झालं?"

"तुमी भायरच्या, बाई. तुमाला नाय करायचा तो," ज्ञानू म्हणाली.

पण पुढच्या रविवारी पहिली आत आली ती ज्ञानूच. डोळे घट्ट मिटून, बाईंची ओढणी मुठीत धरून. दिवाळीपर्यंत ती ओढणी कधीच सुटली होती. सातवीण कोणती, किंजळ कोणती, हे ती पानाला हात न लावता सांगायची. बेहड्याच्या ढोलीत घुबडाची जोडी राहते हे खाली पडलेल्या उंदरांच्या हाडांवरून तिनेच शोधलं. शिकवून दमलेल्या माणसाला होतो तो आनंद बाईंना झाला. गावाची भीती गेली आणि तिच्या जागी माया आली, असं त्यांनी संस्थेला पाठवलेल्या अहवालात लिहिलंसुद्धा. संस्थेला ते वाक्य फार आवडलं.

आता देऊळ वाढणार होतं. मुंबईच्या मंडळाने ठरवलं होतं, आणि हर्षद त्या मंडळाचा अध्यक्ष. कौलारू देऊळ जाऊन तिथे स्लॅबचा मोठा सभामंडप, पुढे कमान, मागे गाड्या उभ्या करायला जागा. मागे म्हणजे देवराईत. सगळं रीतसर झालं होतं. शिवा गुरवाने देवीला कौल लावला होता. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. देऊळ वाढवायचं का? उजवी पडली. मागची झाडं काढायची का? तीही उजवीच पडली.

बाई भागोजी गावकरांकडे गेल्या. गावातला पहिला मान त्यांचा, त्यांच्या शब्दाशिवाय देवळात दिवा लागत नाही. ते घरापुढच्या खळ्यात बसून दावं वळत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं, मग हातातलं दावं बाजूला ठेवलं.

"आमी भीत होतो, बाई. झाडाला हात लावायची कोनाची टाप नवती. पन तुमची पोरं पाच म्हयने आत हिंडतायत. एकालाबी साधा ताप आला नाय. मग लोकांनी म्हटलानी, तो हाय कुठं?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, भीतीने राखलेलं कधीतरी जाणारच. मी पोरांना त्या झाडांवर माया करायला शिकवलंय.

"ता बरा केलात," भागोजी शांतपणे म्हणाले. "पन पोरांच्या मायेला गावात इचारतो कोन?"

हे बोलणं बाईंच्या मनाला इंगळीसारखं डसलं. स्कूटीवरून देवरूखला परतताना त्यांना रडू आलं नाही, संताप आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या न दिसणाऱ्या राखणदाराने ते रान सांभाळलं, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने, लाडू खात खात, घराबाहेर काढलं होतं. त्याच्या जागी हिरव्या टोप्या घातलेली पोरं उभी केली होती.

त्यांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. तालुक्याला एका कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं, जागा गावकीच्या नावावर, गावकीची तक्रार नसेल तर आमचं काय काम? रत्नागिरीला संस्थेच्या ऋतिका मॅडमना फोन केला. त्या गोड बोलणाऱ्या. गावाच्या श्रद्धेच्या आड आपण यायचं नाही असं आमचं धोरण आहे, म्हणाल्या, पण तुम्ही असं करा, मुलांचं एक नाटुकलं बसवा, जिल्ह्याच्या बालमहोत्सवात करा, लोकांचे डोळे आपोआप उघडतील. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीही दिसत नाही आणि लांडगाही. पण बाईंच्या हातात दुसरं काही नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, भात उतू जाऊ देत, नाटुकलं लिहून काढलं.

त्यात बेहडा बोलतो. त्याचं काम ज्ञानूला दिलं. अंगाला गोणपाट, डोक्यावर फांद्या. बाईंनी तिच्या जिभेवरचं 'हाय' आणि 'नाय' घासून घासून काढलं, कारण परीक्षक शहरातले असणार. 'थांबा,' असं म्हणून तिने कुऱ्हाडवाल्यासमोर हात पसरायचे आणि म्हणायचं, 'माझ्या ढोलीत कोण राहतं ते आधी पाहिलंत का? माझ्या मुळांखाली तुमच्या विहिरीचं पाणी उभं आहे. मी पडेन तेव्हा एकटा पडणार नाही.'

बाईंची इच्छा होती की पहिला प्रयोग गावात, देवळासमोर व्हावा. भागोजींनी नकार दिला. देवीच्या दारात सोंगं नकोत, ती शिमग्याला. त्यामुळे नेरवण्याच्या कोणाही मोठ्या माणसाने ते नाटुकलं पाहिलं नाही. रत्नागिरीच्या सभागृहात मात्र ते गाजलं. ज्ञानूच्या शेवटच्या वाक्याला मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. पाहुण्यांनी ढाल देताना सांगितलं की या चिमुरड्यांनी आपल्या सर्वांच्या डोळ्यांत अंजन घातलं आहे. बाईंनी तिथेच, व्यासपीठाच्या पायऱ्यांवर, त्यांना नेरवण्याच्या देवराईचं सांगितलं. पाहुणे म्हणाले, अवश्य, मला लेखी द्या, आणि गाडीत बसले.

परतीच्या टेम्पोत ज्ञानू ढाल मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, आता नाय ना तोडनार?"

बाईंना खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. त्या म्हणाल्या, "टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी आपल्या गावचं कोणी नव्हतं, ज्ञानू."

ज्ञानूने ढाल उलटी करून पायाशी ठेवली.

संक्रांत झाल्यावरचा रविवार ठरला. खेडहून करवतवाला आला, पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन. गाव जमलं. मुंबईहून हर्षद आणि त्याचे दोघेतिघे आले. दीपालीबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या. का आल्या हे त्यांनाही माहीत नव्हतं. प्रेताला जातात तशा आल्या म्हणायचं.

शिवा गुरवाने बेहड्यासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. देवीच्या हुकमाने हे काम काढलंय, चूकभूल पोटात घाल, लेकराबाळांना सांभाळ, वाडवडलांपासून चालत आलेलं ते पुढे चालव. प्रत्येक वाक्याला गावाने 'होय म्हाराजा' म्हटलं. नारळ फुटला. करवतवाल्याने दोरी ओढली, करवत खोकली आणि बंद पडली. त्याने पुन्हा दोरीला हात घातला.

बायकांच्या घोळक्यात कोणीतरी घुमायला लागलं होतं. आधी लोकांना वाटलं, कोणी म्हातारी असेल. मग घोळका आपोआप बाजूला झाला आणि मध्ये ज्ञानू दिसली. वेणी सुटलेली, मान छातीवर पडलेली, खांदे उडत होते. तिची आई विमला तिला धरायला धावली. ज्ञानूने तिचा हात असा झटकला की विमला मागच्या मागे बसली.

"थांब," ज्ञानू म्हणाली. आवाज तिचा नव्हता. खोल होता, फुटका होता. "माझ्या ढोलीत कोन ऱ्हातंय ता बगितलास? माझ्या मुळांखाली तुमच्या बावीचं पानी उभा हाय. मी पडन तवा एकटा नाय पडायचा."

सगळं गाव जागच्या जागी थिजलं; नाटुकल्यात काम केलेली पोरंसुद्धा आयांच्या पदराआड दडली. क्षणभर बाईंच्याही अंगावर काटा आला. मग ती वाक्यं त्यांच्या डोक्यात शिरली. ती त्यांची होती. ओट्याला टेकून लिहिलेली, एकेक शब्द घासून पोरीला पाठ करून दिलेली. घासून काढलेलं सगळं ज्ञानूने परत लावलं होतं आणि रत्नागिरीत टाळ्या घेणारं वाक्य इथे तळतळाट होऊन उभं राहिलं होतं. सभागृहात ते कधीच इतकं चांगलं झालं नव्हतं. असल्या वेळी हे आपल्या मनात आलं याची बाईंना शरम वाटली, पण आलं खरं.

करवतवाल्याने करवत खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. शिवा गुरवाने ज्ञानूसमोर हात जोडले. भागोजींनी डोक्यावरची टोपी काढली. तू कोण, काय पायजे, असं त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

"मी हितलाच. तुमी इसरलाव," ज्ञानू म्हणाली. हे वाक्य मात्र तिचं स्वतःचं होतं.

हर्षद मुंबईत बांधकामाचं काम करणारा, चार ठिकाणी फिरलेला. त्याने बायकांच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईंना हेरलं आणि सरळ त्यांच्याकडे आला. गावाच्या माना त्याच्याबरोबर वळल्या.

"बाई, तुमची पोर आहे. रोज तुमच्यासमोर असते. सोंग आहे ना हे? तुम्ही सांगा, तुमचा शब्द आम्ही मानू."

ज्ञानूचे खांदे उडत होते, पण केसांच्या आडून तिचा एक डोळा उघडा होता आणि तो बाईंकडे बघत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी बाईंची गत झाली. हो म्हणावं, तर करवत आत्ता सुरू होणार, आणि देवाची थट्टा केली म्हणून या पोरीची कातडी लोळवतील ती वेगळी. नाही म्हणावं, तर आयुष्यभर शाळाशाळांतून व्याख्यानं देत ज्याच्याविरुद्ध बोलत आलो तेच आपल्या तोंडाने खरं करायचं. त्याच्या पुढचं त्यांना तेव्हा सुचलं नाही. गाव वाट बघत होतं.

"शाळेत ती अशी बोललेली मी कधी ऐकलेली नाही," बाई म्हणाल्या.

अक्षर न् अक्षर खरं होतं. शाळेत तिने ही वाक्यं शुद्ध भाषेत म्हटली होती.

गावकीची बैठक तिथेच गडग्यावर बसली. पेच मोठा होता. देवीने होय म्हटलेलं आणि राखणदाराने नाही. देवी मोठी हे खरं, पण घर राखणदाराचं. शेवटी भागोजींनी निकाल दिला की शिमग्यापर्यंत झाडाला कोणी हात लावायचा नाही. शिमग्याला पालखी बाहेर पडेल, सगळे चाकरमानी गावात असतील, तेव्हा सगळ्यांच्या देखत राखणदाराला परत विचारायचं. तो तेव्हाही नाही म्हणाला, तर देऊळ पुढच्या अंगाला वाढवायचं आणि मागच्या झाडांचं नाव पुन्हा कोणी घ्यायचं नाही. जाताना हर्षदने ज्ञानूकडे एकदा नीट पाहिलं.

देवराई शाळा त्या दिवशी बंद पडली. पोरांच्या आयांनी बाईंना निक्षून सांगितलं की आता आत नाही म्हणजे नाही. टोप्या गोळा होऊन शाळेच्या कपाटात गेल्या. पहिली-दुसरीतली पोरं देवळावरून जाताना कानांवर हात ठेवून पळायला लागली. रान इतकं निर्धास्त गेल्या पाच महिन्यांत कधी नव्हतं. ऋतिका मॅडमचा फोन आला. त्यांच्या कानावर एवढंच गेलं होतं की तोड थांबली. 'मुलांनी वाचवलेली देवराई' असा लेख संस्थेच्या अंकात द्यायचा होता, त्यासाठी मुलांचा एक हसरा फोटो हवा होता. बाईंनी श्रावणातला एक पाठवला. त्यात सगळ्यांच्या पुढे ज्ञानू होती, भिंग डोळ्याला लावून.

ज्ञानू शाळेत येत नव्हती. पहिल्या आठवड्यात बाईंना वाटलं, दमली असेल. मग विमला रस्त्यात भेटली. पूर्वी बाई दिसल्या की ती पदर सावरून कडेला व्हायची, आता रस्त्याच्या मध्ये उभी राहून बोलली. शाळेत शिवाशीव होते, म्हणाली, त्याला चालत नाही. वाड्यांवाड्यांतून माणसं येत होती. हरवलेली गाय, अडलेलं लग्न, मुंबईत न मिळणारी नोकरी, सगळं ज्ञानूला विचारत होती. गणपतीनंतर ज्याने फोन केला नव्हता तो तिचा बाप आता रोज फोन करत होता. ती एकच वेळ जेवते, चटईवर झोपते, विमला कौतुकाने सांगत होती. बाईंनी विचारलं, आणि ती काय म्हणते? विमलेला प्रश्नच कळला नाही. ती म्हणजे कोण?

रात्रंदिवस बाई स्वतःशी भांडत होत्या. जाऊन सांगायचं, पोरीला मोकळं करायचं, मग झाडांचं जे व्हायचं ते होवो. असं ठरवून त्या दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा देवळाच्या वळणावर, बेहड्याचा शेंडा दिसला की, स्कूटी शाळेकडे वळली. शिमगा जवळ येत होता. मग एका अमावास्येच्या दिवशी त्या शाळा सुटल्यावर तशाच चालत ज्ञानूच्या घरी गेल्या.

खळ्यात रांग होती. आपण भेटायला आलोय असं त्यांनी म्हणून पाहिलं, पण भेटायलाच सगळे आले होते. रिकाम्या हाताने जात नाहीत, असं म्हणून शेजारच्या बाईने आपल्या पिशवीतला एक नारळ त्यांच्या हातात दिला. रांगेत बोलणं चाललं होतं. हर्षद शिमग्याला मुंबईहून एक भगत आणतोय. मोठा माणूस आहे, खरं-खोटं तिथल्या तिथे करतो. अंगातलं खरं असेल तर तळहातावर कापूर पेटवला तरी फोड येत नाही. खोटं असेल तर कळतंच. रांगेतल्या बायकांना खात्री होती की ज्ञानूला काही होणार नाही.

माजघरात उदाचा धूर कोंडला होता. ज्ञानू पाटावर बसली होती. केस मोकळे, कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूची जड माळ. ती आणखी बारीक झाली होती. दाराशी विमला आणि दोन म्हाताऱ्या आरती पुटपुटत होत्या. बाईंना बघितल्यावर ज्ञानूच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंनी ओळखलं. देवराईत पहिल्यांदा डोळे उघडल्यावर आलं होतं तेच. बाई आल्या, म्हणजे आता सुटले.

विमला बाईंकडे बघत होती. रांग बघत होती. शाळेच्या बाई, ज्यांनी राखणदार नाही म्हणून सांगितलं होतं, त्या काय करतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. बाई न वाकता उभ्या राहिल्या असत्या तर गावाला जे कळायचं ते कळलं असतं. बाईंनी नारळ ठेवला, गुडघे टेकले आणि आपल्या विद्यार्थिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. ज्ञानूने पाय झटकन मागे घेतले. विमलेने पुढे होऊन ते पुन्हा जागेवर ठेवले आणि ती दाराशी परत गेली.

आरतीचा आवाज वाढला तशी ज्ञानू पुढे झुकली, आशीर्वाद द्यावा तशी.

"बाई, मी शाळेत कधी येऊ?" तिने विचारलं. शुद्ध भाषेत, बाईंनी शिकवलेल्या.

"शिमगा होऊ दे," बाई म्हणाल्या.

"हातावर कापूर ठेवनारायत."

"ऐकलं मी."

ज्ञानू वाट बघत राहिली. बाईंना सगळं दिसत होतं. ही पोर, तिचा हात, आणि आता उठून दाराशी उभं राहून सांगायचं एकच वाक्य. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही होतं. भोंदूगिरीविरुद्धच्या व्याख्यानांत हा कापराचा खेळ त्यांनी कितीतरी शाळांमध्ये स्वतः करून दाखवला होता, पोरं फसू नयेत म्हणून.

"हात आधी ओला करून घे," बाई हळूच म्हणाल्या. "चांगला ओला. आणि हलवू नकोस."

ज्ञानूने त्यांच्याकडे पाहिलं. मग वर्गात नवीन काही सांगितल्यावर हलवायची तशी मान हलवली आणि मागे सरून, डोळे मिटून, ती पुन्हा घुमायला लागली.

"झाला काय, बाई?" मागून कोणीतरी म्हणालं. "मागं मानसं खोळंबलीत."

बाई उठल्या आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.